पैठणचा वेताळ, लंडनचा व्हॅम्पायर

घोटावड्याहून पिरंगुट, भूगाव करत पुण्यात शिरलो, की पौड रस्त्याच्या डाव्या हाताला वेताळ टेकडी लागते. एकदा भाच्याने विचारले, "मामा, वेताळ म्हणजे आपला व्हॅम्पायरच ना?" मला चटकन उत्तर देता आले नाही. पुढे शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो.

काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यमतीसाठी 'कथासरित्सागर' रचला. त्यातल्या वेताळकथांचा राजा उज्जैनचा विक्रम नाही. तो गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन आहे. सोमदेव ज्या 'बृहत्कथे'चा वारसा सांगतो, ती गुणाढ्याने शाईअभावी स्वतःच्या रक्ताने लिहून सातवाहन राजाकडे पाठवली, अशी आख्यायिकाही त्याच ग्रंथात आहे. रक्त आहे ते असे, लेखणीच्या टोकाला!

पुढे या कथा भाषांतून फिरत राहिल्या. मराठीत सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० साली छापून निघाली. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८७० मध्ये, रिचर्ड बर्टनने त्यांतल्या अकरा कथा इंग्रजीत सांगितल्या आणि शीर्षकातच वेताळाचा 'व्हॅम्पायर' केला. ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' आला १८९७ मध्ये. स्टोकर बर्टनला भेटला होता आणि त्याच्या सुळ्याचे वर्णनही त्याने लिहून ठेवले आहे. तेवढ्यावरून ड्रॅक्युलाचे मूळ वेताळात शोधणे मात्र धाडसाचे ठरेल.

आता मूळ कथा पाहा. प्रेतात शिरलेला वेताळ राजाच्या खांद्यावर बसून न्यायाचे प्रश्न विचारतो. राजाचा बळी द्यायला टपलेला असतो तो क्षान्तिशील नावाचा भिक्षू, आणि राजाला सावध करतो तो वेताळच. या कथेत रक्ताची तहान आहे ती माणसाला.

म्हणून वेताळाचा रक्ताशी संबंधच नाही, असेही म्हणता येत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातल्या ग्रामदैवतांचा अभ्यास करताना दाखवून दिले, की दगडाला फासलेला शेंदूर ही रक्तबळीचीच जागा घेतो. फरक देण्याघेण्याचा आहे. ड्रॅक्युला रक्त चोरून घेतो. वेताळाला गाव आपल्या हाताने नैवेद्य देते आणि बदल्यात रात्रीची राखण मागते. गोव्यात आमोणे, लोलये येथे तर बेताळ गावाचे दैवतच आहे.

एका परक्या शब्दाने हा करारच पुसला जातो. राखणदार गेला, की उरते नुसते भय.

या दिवाळीच्या अवसेला भाच्याला उत्तर देणार आहे : "नाही रे. व्हॅम्पायरला दाराबाहेर ठेवायचे असते. वेताळाला आपणच वेशीवर बसवलेले आहे."