दाब, रोध आणि कोमट पाणी

गिझरचं पाणी कोमटच्या पुढे जाईना, म्हणून वायरमनला बोलावलं. त्यानं मीटरच्या दोन पिना सॉकेटात खुपसल्या आणि म्हणाला, "गिझर चांगलाय साहेब. व्होल्टेज डाऊन आहे, एकशेऐंशीच दाखवतंय." शेजारच्या काकूंनी तेच दारातून सांगितलं, "दाब कमी झालाय सगळीकडे." आत मुलगी विज्ञानाचं पुस्तक घोकत होती, त्यात त्याच गोष्टीचं नाव होतं विभवांतर.

तिन्हींत मला काकूंचा शब्द आवडतो. दाब नळाच्या पाण्याला असतो, रक्ताला असतो, बंगालच्या उपसागरावरच्या पट्ट्याला असतो आणि घरात वडीलधाऱ्यांचाही असतो, म्हणजे पूर्वी असायचा. वीज कंपनी ग्राहकांची विभागणी लघुदाब आणि उच्चदाब अशीच करते. इंग्रजीतल्या 'हाय टेन्शन'मध्ये, फ्रेंच 'तान्स्याँ'मध्ये आणि जर्मन 'श्पानुंग'मध्ये मात्र दाब नाही, ताण आहे. त्यांना ताणलेली दोरी दिसली, आपल्याला नळ. बरंच झालं. 'आज ताण कमी आहे' म्हटल्यावर तक्रार कोण करणार?

विभवांतर अवघड वाटतं, पण फोडून पाहिलं तर गंमत आहे. संस्कृतात विभव म्हणजे सामर्थ्य आणि संपत्तीही. वैभव हे त्याचंच पोर. 'पोटेन्शियल'च्या लॅटिन मुळातही सामर्थ्यच आहे, त्यामुळे निवड चोख म्हणायला हवी. तरी मराठी कानाला विभवांतर म्हणजे वैभवातला फरक. तो असला की एकीकडून दुसरीकडे धारा वाहू लागते. निदान तारेत तरी.

धारेबद्दल फार सांगायला नको. दुधाची धार, सुरीची धार, पावसाच्या धारा, कोकणातल्या धारेकऱ्यांनी भरायचा तो धारा, एवढ्या गर्दीत विजेचीही एक मावून गेली. वायरमन मात्र करंटच म्हणतो.

रोध खरा कसदार. 'रुध्' या धातूपासून विरोध, अवरोध आणि अनुरोध आले, शिवाय सरकारी जाहिरातींनी खेडोपाडी पोचवलेला निरोधही. संस्कृत नाटकांत अवरोध म्हणजे राजाचं अंतःपुर. मराठीत हाच धातू रुंधणे होऊन घरातला झाला: वाट रुंधते, गळा रुंधतो. हिंदीनं प्रतिरोध घेतला, आपण उपसर्ग टाकून नुसता रोध ठेवला. तारेला कुणाचा प्रतिकार करायचा नसतो, तिची वाटच अरुंद असते. म्हणून आपला शब्द मला जास्त अचूक वाटतो.

ज्याच्या नावानं रोध मोजतात तो गेओर्ग ओहम एर्लांगेनच्या कुलुपं बनवणाऱ्याचा मुलगा. कोलोनला शिकवत असताना तारांवर प्रयोग करू लागला तेव्हा त्याची अडचण आमच्यासारखीच होती: व्होल्टाच्या घटाचा दाब टिकेना. अखेर १८२६ साली त्यानं तांबं आणि बिस्मथ यांची जोडी घेतली, तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. फरक कायम, म्हणून दाब कायम. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं, पण मायदेशात त्याचं थंड स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ले पदक मिळायला १८४१ उजाडलं.

त्याचाच नियम गिझरला लावून पाहू. पाटीवर लिहिलंय २३० व्होल्ट, २००० वॅट. शक्ती म्हणजे दाब गुणिले धारा, तेव्हा धारा सुमारे ८.७ अँपिअर, दाबाला धारेनं भागलं की रोध साधारण २६.५ ओहम. रोध गिझरच्या अंगचा, तो फारसा बदलत नाही. पण दाब १८० वर आला की धाराही ६.८ वर येते. दोन्ही घटतात आणि त्यांचा गुणाकार शक्ती, म्हणून ती दुहेरी मार खाते: २००० वॅटचा गिझर जेमतेम १२२५ वॅटचा उरतो. दाब पाचव्या हिश्शाहून थोडाच जास्त पडला, शक्ती मात्र जवळजवळ दोन पंचमांश गेली.

शक्ती हा शब्द इथे मला अपुरा वाटतो. 'शक्'पासून शक्य आणि शकणे आले, म्हणजे शक्ती ही करू शकण्याची ऐपत. शास्त्राला हवाय वेग: सेकंदाला किती ऊर्जा खर्च झाली. बोलण्यात तर शक्ती, बल, ताकद, ऊर्जा सगळं एकच. त्यातल्या त्यात शेतीपंपाची अश्वशक्ती बरी. तिथे निदान ७४६ वॅटचा घोडा डोळ्यांपुढे येतो. वॅटचा तर विजेशी संबंधच नव्हता, तो वाफेच्या इंजिनाचा माणूस. विल्यम सीमेन्सनं १८८२ साली त्याचं नाव एककासाठी सुचवलं आणि ते चिकटलं.

वायरमन गेल्यावर काकूंनी विचारलं, "तसाच चालू ठेवला तर जास्त वीज खाईल का हो?" क्षणाक्षणाला कमीच खाईल, मी म्हटलं, पण पाणी तापेपर्यंत जेवत बसेल. मग शब्द लक्षात आला. बिलावरचं युनिट हे शक्तीचं नसतं, ऊर्जेचं असतं, आणि वैदिक संस्कृतात 'ऊर्ज्' म्हणजे बळ देणारं अन्न, रस. गिझर वीज खातो हे काकूंचं म्हणणं पुस्तकातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा त्या जुन्या अर्थाच्या जवळ जातं.