डीव्हीटी: पायाची सूज उतरली, मग रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची का?

एकच पाय सुजतो, पोटरी दुखते. डॉपलर सोनोग्राफीत खोल शिरेत रक्ताची गुठळी सापडते. हाच डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजे डीव्हीटी. गोळ्या सुरू होतात, सूज उतरते आणि घरात चर्चा सुरू होते: बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

आधी एक गैरसमज. या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. त्या रक्त गोठण्याची प्रक्रिया मंदावतात. जुनी गुठळी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं, गोळी नवी होऊ देत नाही. म्हणून गोळी किती दिवस घ्यायची, हे सुजेवर नाही तर गुठळी का झाली यावर ठरतं.

मोठ्या ऑपरेशननंतर गुठळी झाली असेल, तर ते कारण आता संपलेलं असतं. अशांना बहुतेक वेळा ३ महिन्यांचे उपचार पुरतात. पण काहीच कारण सापडलं नाही, तर गोळी थांबवल्यावर १०० पैकी साधारण १० जणांना पहिल्याच वर्षात पुन्हा गुठळी होते, ५ वर्षांत सुमारे २५ जणांना. ती सुटून फुफ्फुसात अडकली तर जीवावर बेततं. त्यामुळे अशा रुग्णांना, तसंच कॅन्सर सुरू असलेल्यांना, डॉक्टर गोळी पुढे चालू ठेवायला सांगतात. कधी कधी आयुष्यभर.

मग गोळी कोणती? वॉरफरिन आणि अॅसेनोकूमरॉल जुन्या आणि स्वस्त. वॉरफरिन तर १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं! या गोळ्यांवर आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते, आकडा साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. दौंड तालुक्यातल्या कासुर्डीसारख्या गावातून दर वेळी लॅब गाठायची म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. तपासणी चुकते ती इथे.

अॅपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. पहिल्या ६ महिन्यांनंतर अनेकांना त्यांचा कमी डोसही पुरतो. पण त्यांचा असर एखाद्या दिवसात उतरतो, त्यामुळे गोळी संपायच्या आधी पुढचं पाकीट घरात हवं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असेल तर सहसा वॉरफरिनच देतात. गरोदरपणात मात्र यातली कोणतीच गोळी नाही, हेपरिनची इंजेक्शनं घ्यावी लागतात.

वॉरफरिनवर पालेभाजी बंद, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. पालक, मेथीतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा असर कमी होतो, म्हणून प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा काहीच नाही, हे नको.

खरा धोका अंगदुखीच्या गोळ्यांचा आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन सोबत घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. कंबरेत सुई घेण्याआधी, दात काढण्याआधी 'मी रक्त पातळ करण्याची गोळी घेतो' हे सांगाच. काळी शौच, लघवीतून रक्त किंवा डोक्याला मार लागला, तर थेट हॉस्पिटल. अचानक दम लागला, छातीत दुखलं तरीही.