निशिझाकाच्या टेकडीवरचा वसईकर

समुद्रावरचा वारा अंगात शिरतोय. ५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर तुम्ही गर्दीत उभे आहात. समोर एका ओळीत २६ क्रूस जमिनीवर आडवे ठेवले आहेत.

कैदी चढण चढून येतात. क्योतोत त्यांतल्या बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला होता. मग ऐन हिवाळ्यात महिनाभराची पायपीट. सगळ्यांच्या पुढे फ्रान्सिस्कन झग्यातला जो माणूस आहे, त्याला नीट बघून घ्या. तो गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईचा. बाप पोर्तुगीज, आई कोकणातली. वसईत जेझुइटांकडे शिकला, पोरवयात जपानला आला, पुढे व्यापारात पडला आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून आले, तेव्हा त्यांचा दुभाष्या हाच. वसईचा मुलगा त्या दरबारात जपानीत बोलत होता, या विचाराने मला आजही भरून येतं. त्याच हिदेयोशीने गेल्या वर्षी स्पॅनिश जहाज किनाऱ्याला लागल्यावर संशयाने या ख्रिस्ती माणसांना धरलं.

गोन्सालो तडक एका क्रूसापाशी जातो. हा माझा का, विचारतो. नाही म्हणतात, दुसरा दाखवतात. तिथे तो गुडघे टेकतो आणि लाकडाला मिठी मारतो.

खिळे नाहीत. मान, हात, पाय लोखंडी कड्यांत अडकवतात, दोरांनी आवळतात आणि क्रूस उभे करतात. त्यांत बारा वर्षांचा लुई इबाराकीही आहे. त्याच्याकडे तुमच्याने बघवत नाही. मग दोन्ही कुशींतून वर खांद्यांकडे भाले.

आता लगेच निघू नका. पहारेकरी मारताहेत तरी लोक पुढे घुसतात, कापडं रक्तात भिजवतात, झग्यांच्या चिंध्या फाडून घेतात. रोम त्यांना १६२७ मध्ये धन्यवादित म्हणेल, ८ जून १८६२ रोजी संतपद देईल. पुढे वसईत गोन्सालोच्या नावाचं महाविद्यालयही उभं राहील. माझ्यापुरते ते संत झाले ते इथेच, या धक्काबुक्कीत.

तुमच्या शेजारची बाई ओल्या कापडाची घडी घालते, किमोनोत उराशी ठेवते आणि वरून हात दाबून धरून उतरू लागते. वसईला अजून काहीच कळलेलं नाही.