नाशिकचे शब्द, गोव्याचे सूर

गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात एका सभागृहाचं नाव 'विशाखा' आहे. १९४२च्या कवितासंग्रहाचं नाव भिंतीवर चढलं, यात नवल नाही. कुसुमाग्रज म्हणजेच तात्यासाहेब शिरवाडकर नाशिककरांना आधी कवी म्हणून ठाऊक, मग 'नटसम्राट'चे लेखक म्हणून. संगीत नाटकाची पदं लिहिणारे शिरवाडकर मात्र कुणाला चटकन आठवत नाहीत.

संगीत रंगभूमीशी या शहराचं नातं तसं विचित्रच. नाशिकमधल्या संगीत नाटकाचा इतिहासाच्या पुस्तकात शिरलेला प्रयोग 'शारदा'चा, तोही गाण्यामुळे नव्हे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात याच नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या.

पुढे बोलपट आले आणि मोठमोठ्या संगीत मंडळ्या एकेक करून बसल्या. साठच्या दशकात संगीत नाटकाला पुन्हा उभारी आली, तिच्यामागे फक्त नाटक कंपन्या नव्हत्या. एका समाजाची संस्थाही होती. मुंबईतल्या गोवेकरांनी १९१९ साली स्थापन केलेली धि गोवा हिंदु असोसिएशन. तिचा कला विभाग रामकृष्ण नायकांसारखे कार्यकर्ते चालवत. गायक-नट, संगीतकार, तालीम मास्तर घरचेच होते. लेखक मात्र नाशिकचे मिळाले.

त्यातले एक वसंत कानेटकर, हं. प्रा. ठा. महाविद्यालयातले प्राध्यापक. 'वेड्याचं घर उन्हात' (१९५७) आणि 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) या गद्य नाटकांनी त्यांचं नाव झालं होतं. अशा लेखकाच्या हाती संगीत नाटक देणं हे धाडसच. १९६४ साली 'मत्स्यगंधा' रंगमंचावर आलं. नाटक कानेटकरांचं आणि बहुतेक पदंही त्यांचीच; दिग्दर्शन मास्टर दत्तारामांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. रामदास कामत पराशर झाले, आशालता सत्यवती. एवढ्या नावांत मूळचा गोव्याचा नसलेला माणूस एकच, तो लेखक!

नाटककारानेच पदं लिहायची, ही रीत अण्णासाहेब किर्लोस्करांपासूनची. देवल, खाडिलकर सगळे तसेच. पण त्या काळी पुष्कळ पदं आधीच्या एखाद्या चिजेच्या किंवा लोकप्रिय पदाच्या चालीवर बेतलेली असत आणि छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून तिचा उल्लेख येई. 'मानापमान'साठी गोविंदराव टेंबे आणि 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा संगीतकार हा स्वतंत्र माणूस म्हणून पुढे आला. अभिषेकींनी त्यापुढचं पाऊल टाकलं. जगन्नाथबुवा पुरोहितांकडे त्यांची तालीम झालेली, तेव्हा रागदारीत ते कुठेच कमी नव्हते. तरी त्यांनी पदं आखूड केली, शब्द ऐकू येतील इतकी मोकळी ठेवली आणि तानांच्या हौसेपायी प्रसंग थांबू दिला नाही. वन्समोअरवर रात्र काढणाऱ्या जुन्या रसिकांना ही काटकसर बोचलीही असेल. पण गद्य नाटकाच्या मुशीत घडलेल्या लेखकाला असाच संगीतकार हवा होता.

दोनच वर्षांनी शिरवाडकरांची पाळी आली. १९६६च्या 'ययाति आणि देवयानी'त नाटक आणि पदं त्यांची, संगीत पुन्हा अभिषेकींचं आणि कचाच्या भूमिकेत रामदास कामत. या नाटकातली पदं आज मैफलींत स्वतंत्रपणे गायली जातात. निवेदक राग सांगतो, गायकाचं नाव सांगतो, अभिषेकीबुवांना हात जोडतो. शब्द कुणाचे, हे बऱ्याचदा राहून जातं. ज्ञानपीठ मिळवलेल्या कवीच्या बाबतीत हे व्हावं, ही गंमत म्हणायची की अन्याय, कोण जाणे.

१९६६मध्येच कानेटकरांनी 'लेकुरे उदंड जाली' लिहून वेगळीच वाट धरली. राजे-ऋषी गेले, शहरी नवरा-बायको आले. श्रीकांत मोघे त्यात बोलता बोलता गाऊ लागत आणि गाता गाता पुन्हा बोलण्यावर येत. हा पाश्चात्त्य म्युझिकलच्या अंगाने जाणारा प्रकार होता. संगीत इथेही अभिषेकींचंच, पण नटाने गवई असावंच ही अट सुटली होती.

डिसेंबर १९७०मध्ये शिरवाडकरांचं 'नटसम्राट' याच गोवेकरांच्या संस्थेने रंगमंचावर आणलं. त्यात अभिषेकी नव्हते, कामत नव्हते. नाटकाचा सगळा भार श्रीराम लागूंच्या तोंडी असलेल्या लांबलचक स्वगतांवर होता. गंगापूर रोडवरच्या स्मारकात 'विशाखा'खेरीज आणखी एक सभागृह आहे. त्याचं नाव 'स्वगत'.