नवव्या मजल्यावरचा फार्मासिस्ट

१९५२ साली अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशनने फार्मासिस्टांसाठी आचारसंहिता केली. चिठ्ठीतल्या औषधाचा उपयोग काय, त्यात काय आहे, हे फार्मासिस्टने रुग्णाशी बोलायचं नाही. रुग्णाने विचारलंच तर त्याला डॉक्टरांकडे पाठवायचं, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. औषधांचं शास्त्र शिकलेल्या माणसालाच गप्प बसवणारं हे कलम १९६९ साली बदललं. वॉर्डात फिरून औषधांतले घोटाळे हेरणारा क्लिनिकल फार्मासिस्ट जन्मला तो हे कलम लागू असतानाच.

व्हर्जिनियातल्या बेरीव्हिल गावी युजीन व्हाइट यांनी १९६० मध्ये आपलं औषधाचं दुकान मोडून त्याचं साधं कार्यालय केलं आणि प्रत्येक रुग्णाच्या औषधांची नोंद ठेवायला सुरुवात केली. नवी चिठ्ठी आली की ती जुन्या औषधांशेजारी ठेवून वाचता येऊ लागली.

रुग्णालयात मात्र फार्मसी वॉर्डापासून लांब असे. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध नर्स उतरवून घेई, आणि फार्मासिस्टच्या हाती बहुधा ती नक्कलच पडे. रुग्णाची किडनी कशी चालते, त्याला आणखी काय सुरू आहे, हे त्याला कळायला वाव नव्हता. सप्टेंबर १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मॉफिट हॉस्पिटलच्या नवव्या मजल्यावर, वॉर्डाला लागूनच, चोवीस तास चालणारी छोटी फार्मसी उघडली. फार्मासिस्ट राउंडला जाऊ लागले, केसपेपर वाचू लागले, औषध ठरत असतानाच बोलू लागले. माझ्या मते या विद्येचं जन्मस्थान हेच. त्याच दशकात स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनलाही फार्मासिस्ट वॉर्डात जाऊन डॉक्टरांचा मूळ कागद पाहू लागले होते.

वॉर्डात गेल्याने काय साधतं? वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला जंतुसंसर्गासाठी मेट्रोनिडॅझोल दिलं, तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेतली, तर अँटिबायोटिक नीट शोषलंच जात नाही; ताप उतरत नाही आणि औषध बदलण्याची घाई होते. सुटी पाहिली तर या दोन्ही चिठ्ठ्यांत काहीच चूक नाही. दोष दिसतो तो सगळी औषधं, रक्ताचे रिपोर्ट आणि प्रत्यक्ष माणूस एका नजरेत आल्यावर.

१९९० मध्ये लिंडा स्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अडचणींचे आठ प्रकार ठरवले. चुकीचं औषध, कमी मात्रा, जास्त मात्रा, दुष्परिणाम हे त्यात आहेतच. पण आजार आहे आणि त्यावर औषधच सुरू नाही, हाही एक प्रकार आहे. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण जे लिहिलंच गेलं नाही ते शोधायला रुग्णापाशी जावंच लागतं.

ठोस पुरावा १९९९ मध्ये आला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एका अतिदक्षता विभागात फार्मासिस्ट राउंडला सोबत असू लागल्यावर, औषध लिहिताना होणाऱ्या चुकांमुळे घडणाऱ्या, टाळता येण्याजोग्या इजा हजार रुग्ण-दिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आल्या. फार्मासिस्टने ३६६ सूचना केल्या. डॉक्टरांनी त्यांतल्या ३६२ स्वीकारल्या. डॉक्टर आपल्या कामात लुडबुड सहन करणार नाहीत, ही भीती किती फोल होती!

आपल्याकडे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आणला. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतूनही हे विद्यार्थी शिकून बाहेर पडतात. वॉर्डात मात्र त्यांच्यासाठी पुरेशा जागा नाहीत, आणि हे तातडीने बदलायला हवं. तोवर एवढं तरी करा: घरातलं कुणी अॅडमिट होणार असेल, तर चालू असलेली सगळी औषधं, काढे-चूर्णं आणि कॅल्शियमच्या गोळ्यांसकट, एका पिशवीत सोबत न्या आणि ती तपासायला तिथे फार्मासिस्ट आहे का, हे विचारा.