शरदातील अकाली थंडी आणि पुण्याचे हवामान-अनुमान : एक ऐतिहासिक टिपण

दख्खनच्या पठारावर शरद ऋतूचा आरंभ हा थंडीचा काळ समजला जात नाही. पाऊस ओसरतो, आकाश निवळते आणि दिवसा ऊन तापू लागते. ऑक्टोबरचा उकाडा पुणेकरांच्या परिचयाचा आहे. या महिन्यात पुण्याचे सरासरी किमान तापमान 18 ते 19 अंश सेल्सियसच्या आसपास असते. तथापि एखाद्या वर्षी भाद्रपदाच्या अखेरीस किंवा आश्विनाच्या प्रारंभीच हवेत गारवा येतो आणि यंदा हिवाळा लवकर आला, असे लोक म्हणू लागतात. हे विधान कितपत खरे असते, आणि जुन्या कागदपत्रांत अशा थंडीचा उल्लेख आढळल्यास अभ्यासकाने त्याचा अर्थ कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी रहाटणी हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. पवना व मुळा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. शिवाजीनगरच्या वेधशाळेपासून त्याचे अंतर सरळ रेषेत सुमारे 10 किलोमीटर आहे. म्हणजे देशाच्या हवामानशास्त्राचे एक प्रमुख केंद्र या गावाच्या अगदी शेजारी आहे. असे असूनही त्या केंद्रातील आकडा हा गावाचा आकडा असतोच असे नाही. या अंतरातच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे.

शरदारंभी जाणवणारी थंडी मुख्यत्वे दोन प्रकारची असते. पहिली ढगाळ दिवसांची. बंगालच्या उपसागरातील एखादे कमी दाबाचे क्षेत्र पठार ओलांडून पश्चिमेकडे सरकते, सूर्यदर्शन होत नाही आणि दिवसाचे तापमान एकाएकी उतरते. ऑक्टोबर 2020 मध्ये काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेली प्रणाली सोलापूर-पुण्याच्या बाजूने गेली आणि तिने अतिवृष्टी घडविली, हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय. अशा वेळी दिवस गार असतात. रात्री मात्र फारशा थंड नसतात, कारण ढगांचे आच्छादन जमिनीची उष्णता निसटू देत नाही. दुसरी थंडी निरभ्र रात्रींची. मोसमी वारे मागे फिरले आणि हवा कोरडी झाली, की जमिनीची उष्णता रात्री अवकाशात झपाट्याने निघून जाते. मग दिवस तापलेले आणि पहाट बोचरी, असा विरोध दिसतो. पहिली थंडी पावसाच्या मुक्कामाची खूण आहे, तर दुसरी त्याच्या प्रस्थानाची.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व सोलापूर या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागात रबीची ज्वारी परतीच्या पावसावर अवलंबून असते. हस्त व चित्रा नक्षत्रांचा पाऊस जमिनीत मुरला, तरच पेरणी साधते. म्हणून ऐन हस्तात पडलेली निरभ्र रात्रींची थंडी शहरवासीयांस सुखद वाटली, तरी शेतकऱ्याच्या पोटात ती गोळा आणीत असे. 1876 साली दख्खनमध्ये मोसमी पावसाने दगा दिला. परतीच्या पावसानेही साथ दिली नाही, आणि त्यातून उद्भवलेला दुष्काळ 1878 पर्यंत रेंगाळला. सहदेव-भाडळीच्या परंपरेतील ठोकताळे वारा, ढग व नक्षत्रे यांना इतके महत्त्व का देतात, हे या पार्श्वभूमीवर ध्यानी येते.

भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 मध्ये, म्हणजे या दुष्काळाच्या उंबरठ्यावर झाली. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातील बर्फवृष्टी आणि भारतातील अवर्षण यांचा संबंध 1884 मध्ये मांडला. हिमालयात हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतात बर्फ अधिक साचले, तर पुढील पाऊस उणा पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या आधारावर 1886 पासून मोसमी पावसाची नियमित अनुमाने प्रसिद्ध होऊ लागली. दूरची थंडी आणि इथला पाऊस यांची सांगड घालण्याचा हा पहिला पद्धतशीर प्रयत्न होय. परंतु 1899 मध्ये, ब्लॅनफोर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांच्या काळात, अनुमान साफ चुकले आणि देशावर भीषण दुष्काळ ओढवला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी 1904 ते 1924 या काळात एका कारणावर विसंबण्याऐवजी जगभरच्या नोंदींचे सांख्यिकीय परस्परसंबंध तपासले. दक्षिणी आंदोलनाची कल्पना त्या परिश्रमातून पुढे आली. प्रशांत महासागरातील एल निनो व ला निना यांच्या संदर्भात आज तिचाच आधार घेतला जातो.

खात्याचे मुख्य कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. ती इमारत सिमला ऑफिस या नावाने अद्याप ओळखली जाते. या स्थलांतराबरोबर दृष्टीही काही अंशी बदलली, असे म्हणावयास हरकत नाही. 1932 मध्ये पुण्यात शेतकी हवामानशास्त्राचे कार्य एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. पिकाला ज्या हवेत वाढावे लागते, त्या जमिनीलगतच्या हवेकडे त्यांनी लक्ष वळविले. निरभ्र व निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून असते, असा तोवर समज होता. रामदास व आत्मनाथन यांच्या 1932 च्या निरीक्षणांत मात्र ती जमिनीपासून काही वीतभर उंचीवर आढळली. हा निष्कर्ष प्रथम अनेकांना पटला नाही. पुढे त्याची पुष्टी झाली आणि त्या थरास रामदास थर हे नाव मिळाले. वेधशाळेतील तापमापक सुमारे 4 फूट उंचीवरील पेटीत असतो. रोपाला भोगावी लागणारी थंडी त्या आकड्यात पुरती उतरत नाही, हे या संशोधनाने सिद्ध केले.

आता रहाटणीकडे पुन्हा वळू. निरभ्र रात्री गार, जड हवा उतारावरून नदीकाठच्या सखल भागात साचते. त्यामुळे मळ्यातील पहाट वरच्या माळापेक्षा थंड असणे स्वाभाविक आहे. याउलट डांबर, सिमेंट व इमारती दिवसाची उष्णता साठवून रात्री ती हळूहळू सोडतात. मळ्यांचे गाव शहरात मिसळले, की तेथील रात्रीचा गारवा कमी होतो आणि त्याच प्रादेशिक हवामानात त्या जागेचा आकडा बदलतो. पुण्याचे किमान तापमान 17 जानेवारी 1935 रोजी 1.7 अंशांपर्यंत उतरले होते. त्या आकड्याशी आजची तुलना करताना हवामानातील बदलाबरोबर तापमापकाच्या परिसरातील बदलही हिशेबात घेतला पाहिजे.

पाषाण येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था 1962 मध्ये स्थापन झाली. तेथील संगणकीय प्रतिरूपांमुळे आता काही आठवड्यांचे प्रादेशिक अनुमान शक्य झाले आहे. पण असे अनुमान विस्तृत क्षेत्राच्या सरासरीविषयी बोलते. एका शिवाराच्या पहाटेविषयी ते मर्यादित अर्थानेच बोलू शकते. वॉकर यांची जागतिक दृष्टी आणि रामदास यांची वीतभर उंचीची दृष्टी या परस्परपूरक आहेत.

यावरून संशोधकांस एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. रोजनिशीत, पत्रात वा महसुली दप्तरात शरदातील थंडीचा उल्लेख आला, तर त्यावरून एकदम हवामानपालटाचे अनुमान काढू नये. ती थंडी दिवसाची की पहाटेची, आकाश ढगाळ होते की निरभ्र, लिहिणारा नदीकाठी होता की माळावर, आणि त्या वर्षी रबीची पेरणी झाली की नाही, हे चार प्रश्न आधी विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच दप्तरात सापडते, आणि तापमापक नसलेल्या काळातील थंडीचा अर्थ त्यातूनच सर्वांत विश्वसनीयपणे उलगडतो.