कॅमेऱ्याची उंची

‘स्लमडॉग मिलियनेअर’ (२००८) या चित्रपटाने दारिद्र्याचे प्रदर्शन मांडले की नाही, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. तो कोणत्या यंत्राने टिपला, याकडे मात्र त्या वादात फारसे कोणी वळले नाही.

मुंबईतील झोपडपट्टीच्या अरुंद बोळांत ३५ मिमीचा अवजड कॅमेरा घेऊन धावणे कठीण. शिवाय तो दिसला की भोवतालची माणसे त्याच्याकडेच पाहू लागतात. म्हणून छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी चित्रपटाचा मोठा भाग ‘एसआय-२के’ या डिजिटल कॅमेऱ्यावर घेतला. भिंग आणि संवेदक असलेले त्याचे छोटेसे डोके सुटे होई. ते हातात धरायचे, आणि दृश्य साठवणारा संगणक केबलने जोडून पाठीवरच्या पिशवीत ठेवायचा. उकाड्यात तो तापू नये म्हणून सोबत सुका बर्फ! ‘हलका कॅमेरा’ हा शब्दप्रयोग आम्हांला म्हणूनच अर्धवट वाटतो. ओझे केवळ हातातून पाठीवर गेले.

हात मोकळा झाल्याने भिंग प्रौढाच्या खांद्यावरून उतरले. आरंभीच्या पाठलागात ते पळणाऱ्या मुलांच्या उंचीवरून धावते. तेथे तरी ही नजर वरून खाली पाहणारी नाही. २००९ मध्ये या छायालेखनाला ऑस्कर मिळाले. बहुतांशी डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेल्या चित्रपटाला या विभागात मिळालेला तो पहिलाच मान.

परंतु जो लहानपणा मुलांच्या बरोबरीने धावतो, तोच लपूनही राहतो. पडद्यावरून सहज निघून जाणाऱ्या त्या वाटसरूंपैकी किती जणांना आपण टिपले जात आहोत हे ठाऊक होते?